शिडीच्या वाट्याला आलेला सराव

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मला शांतपणे सांगता येणार नाही. शांतपणे ऐकायची असेल तर माझ्या भावाकडे जा. तो ‘झालं ते झालं’ म्हणतो, कपातला चहा ढवळत बसतो आणि विषय बदलतो. माझी लाँड्री आहे. दिवसभर वाफेत उभं राहून माझं डोकं कायमचं तापलंय असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

गोष्ट माझ्या भाचीची, म्हणजे याच भावाच्या मुलीची. तिला सगळे शिडी म्हणतात. सातवीत होती तेव्हाच ती बापाच्या डोक्यावरून पाहायला लागली. इमारतीत कुणाला दिवा बदलायचा असो की माळ्यावरची पेटी काढायची असो, शेजारणी दारात येऊन विचारायच्या, “शिडी आहे का घरात?” आणि माझी वहिनी विचारायची, “कुठली हवी? लाकडी की बोलणारी?” सगळ्या हसायच्या. पोरगी मात्र तेव्हापासून खांदे पाडून चालायला लागली. वर्गात शेवटच्या बाकावर, फोटोत शेवटच्या रांगेत. दारातून जाताना गरज नसली तरी मान खाली.

मग शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिला हाताला धरून बास्केटबॉलच्या क्लबात नेलं. त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात शिरली ती ताठ मानेनं, आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. डोकं चोळत हसत होती. “आत्या, तिथे माझ्यापेक्षा उंच मुली आहेत! आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही!” त्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं की तिला विभागाच्या संघात खेळायचंय. नुसतं संघात नाही, पहिल्या पाचात. मी म्हटलं खेळ की, तुला कोण अडवतंय? मला तेव्हा काय ठाऊक कोण अडवणार आहे ते.

क्लब म्हणजे एक जुनं गोदाम. वर पत्रा, खाली लाकडी फरशी, दोन्ही टोकांना रिंगा, बाजूच्या भिंतींनाही दोन-दोन. शिकवणारे सर एकेकाळी चांगले खेळायचे, गुडघे गेल्यावर शिकवायला लागले. त्यांनी भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘सराव आणि सामना यांचा समतोल हाच खेळाडूचा पाया’. वाक्य चांगलं आहे. मला त्या वाक्याबद्दल काही म्हणायचं नाही. ज्यानं ते रंगवून घेतलं त्याच्याबद्दल म्हणायचंय.

त्यांच्याकडे सरावाची एक रीत होती. एका रिंगवर दोन मुली. एकीनं आपल्या जागेवरून शॉट मारत राहायचं, दुसरीनं रिंगखाली उभं राहून पडणारा बॉल पकडायचा आणि तो परत पहिलीच्या छातीवर असा नेमका द्यायचा की तिला पाऊलसुद्धा हलवावं लागू नये. बॉल आत गेला तरी द्यायचा, बाहेर गेला तरी द्यायचा. थोड्या वेळानं सर शिट्टी वाजवणार, की मुलींनी जागा बदलायच्या. जी मारत होती तिनं आता काढून द्यायचा. रीत म्हणून यात काही खोट नाही.

शिडीच्या जोडीला आली चिमणी. बुटकी, चपळ आणि लांबून शॉट मारण्यात पक्की. सरांच्या गळ्यातला ताईत. आता गंमत बघा. बाकी सगळ्या रिंगांवर शिट्टी वाजायची, या रिंगवर वाजायची नाही. “थांब, तिचा हात आता कुठे बसतोय,” सर म्हणायचे. हात बसेपर्यंत वेळ संपायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमणीचा हात नव्यानं बसवायचा. एकदा चिमणी स्वतःच बॉल घेऊन रिंगखाली गेली आणि शिडीला म्हणाली, “जा गं, तू मार आता.” तर सर तिच्यावरच खेकसले. पोरगी बिचारी परत आपल्या जागेवर. चिमणीवर माझा राग नाही. होता थोडा, पण तो धुतला गेला.

मला पहिली शंका आली ती जर्सीवरून. क्लबचे कपडे माझ्याकडे धुवायला येतात. सामना झाला की जर्सींचं गाठोडं यायचं. चिमणीची जर्सी घामानं कडक झालेली, बाकीच्यांची कमी-जास्त मळलेली, आणि शिडीची? घडीसुद्धा मोडलेली नसायची. मी दिलेली इस्त्री तशीच्या तशी परत यायची. पहिल्यांदा वाटलं नवीन आहे, बसते आहे बाकावर, सगळेच बसतात. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि ती जर्सी मी नुसती वाऱ्यावर टाकून परत पाठवायला लागले. एकदा तर मी तिला विचारलं, “अगं, निदान घालतेस तरी का?” ती म्हणाली, “घालते ना आत्या. वरून जॅकेट असतं.” हसत म्हणाली, पण डोळे माझ्याकडे नव्हते.

सरावाच्या कपड्यांचं मात्र विचारू नका. ते पिळले तर बादली भरावी. म्हणजे पोरगी राबत होती, नाही असं नाही. रोज संध्याकाळी जिवाचं पाणी करत होती, फक्त दुसरीचा हात बसवण्यासाठी.

मी भावाला म्हटलं. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीचं पुस्तक सांगेल तसंच करायचं, आपलं डोकं मध्ये घालायचं नाही, हा त्याचा स्वभाव. “सरांना कळतं,” तो म्हणाला. “पाया पक्का होतोय तिचा.”

“पाया पक्का करता करता पोरगी म्हातारी होईल रे! वर काही बांधणार की नाही?”

“तुला खेळातलं काय कळतं?”

“मला घामातलं कळतं,” मी म्हटलं. वहिनीनं पानं वाढायला घेतली म्हणून भांडण तिथेच थांबलं.

पण मी गप्प बसेन तर शपथ. पुढच्या वेळी धुतलेले कपडे पोरगी न्यायला आली तर मी म्हटलं, राहू दे, मीच येते. गोदामात गेले, पाहिलं, मुलींकडून जे ऐकलं होतं ते अगदी तसंच चाललं होतं. शिडी रिंगखाली, बॉल पडतोय, ती उडी मारून पकडतेय, देतेय, पडतोय, पकडतेय, देतेय. काय उडी मारायची हो! एकही बॉल जमिनीला लागू देत नव्हती. आणि तोंडावर भाव असा, की आपण दुसऱ्याच्या घरात काम करतोय.

सराव संपल्यावर मी सरांना गाठलं. “सर, आमच्या मुलीचा नंबर कधी लागणार?”

“ताई, तुम्ही समजून घ्या,” सर म्हणाले. गोड बोलतात, त्यात कसूर नाही. “टीम म्हणजे एक शरीर. त्यात समतोल लागतो. काही सराव, काही सामना. दोन्ही जमलं पाहिजे.”

“अहो, पण सराव सगळा आमच्या पोरीनं करायचा आणि सामने सगळे दुसरीनं खेळायचे, हा कुठला समतोल?”

“टीमचा,” ते म्हणाले. चेष्टेत नाही, अगदी मनापासून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका मुलीला ताटली द्यायची, दुसरीला जेवण वाढायचं, आणि वर म्हणायचं, बघा दोघींना मिळून सगळं दिलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, “ताई, तुम्ही कपडे सांभाळा. मुली मी सांभाळतो.”

त्या आठवड्यात मी सरांच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरना अशी खळ घातली की त्यांना मान वळवायची तर कमरेपासून वळावं लागलं. चिमणीनं नंतर सांगितलं, मुली तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. माझं समाधान झालं, पण शिडीच्या पदरात काही पडलं नाही.

म्हणून मी दुसरा रस्ता काढला. आमच्या गल्लीच्या टोकाला अग्निशमन केंद्र आहे. तिथल्या चादरी माझ्याकडे येतात. मागच्या अंगणात पाण्याचे पाइप वाळत घालायचा मनोरा आहे, त्याच्या भिंतीला त्या लोकांनी एक रिंग ठोकलीय. रविवारी दुपारी बाया-पुरुष सगळे मिळून खेळतात. नियम फारसे नाहीत, आणि घंटा वाजली की बॉल हवेत असेल तसा सोडून गाडीकडे पळतात. गाडी चालवणाऱ्या बाईला सगळे बंबवाली म्हणतात. मी तिला म्हटलं, “माझी भाची आहे, तिला खेळायला घ्याल का?” तिनं शिडीला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “घ्याल का काय? आमच्याकडेच पाठवा!”

पहिल्या रविवारी शिडीनं रिंगखाली पडणारा प्रत्येक बॉल पकडला. एकही सोडला नाही. सगळे ओरडायला लागले, वा, वा! आणि प्रत्येक वेळी तिनं काय केलं असेल? बाहेर फेकला. थेट त्या जागेवर, जिथे क्लबात चिमणी उभी असते. आता त्या जागेवर योगायोगानं तिथला स्वयंपाकी उभा होता, पोट सुटलेला, आणि तो विरुद्ध बाजूचा होता. त्याच्या छातीवर नेमका बॉल यायचा. त्या माणसानं आयुष्यात केल्या नसतील एवढ्या बास्केट त्या दुपारी केल्या. “या मुलीला माझ्याच टीममध्ये ठेवा,” तो म्हणत होता. “नाहीतरी आहेच!”

सगळे हसले. शिडीही हसली. घरी येताना मात्र वाटेत थांबली. “आत्या, माझे हात माझं ऐकतच नाहीत गं. बॉल आला की आपोआप जातो.” तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. तेव्हा मला हसू येईना.

बंबवालीनं मग एक नियम काढला. शिडीनं रिंगखालून पास दिला की तिच्या सगळ्या टीमनं अंगणाला एक फेरी मारायची. पुढचे काही रविवार ते लोक धावून धावून मेटाकुटीला आले. “अगं, मार की! कुणाची वाट बघतेस? आमचे पाय गेले!” असा गलका चालायचा. आणि एक दिवस तिनं बॉल पकडला, हात बाहेरच्या दिशेला निघाले, तिनं ते मागे ओढले, आणि मारला. बोर्डावर आपटून बॉल बाहेर गेला. तरी त्या लोकांनी असा जल्लोष केला की वरच्या खोलीत झोपलेली रात्रपाळीची माणसं आग लागली समजून खाली आली.

मग ती चुकत गेली, मारत गेली, आणि तिला एक गोष्ट कळली. ती तिनं मला कपडे घड्या करताना सांगितली. “आत्या, तिथे खेळल्यावर कळतं की मला काय येत नाही. कुणी अंगावर आलं की माझा डावा हात पांगळा होतो. मग वाटतं कधी एकदा क्लबात जाते आणि तेवढंच घोटून काढते. आणि घोटून झालं की वाटतं कधी एकदा रविवार येतो.” सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला कळलं हो. तिला निळ्या अक्षरांत रंगवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती क्लबात लवकर गेली आणि सरांना म्हणाली, मला अर्धा तास शॉट मारू द्या, डाव्या हाताचे. सरांनी विचारलं, हे कुठून सुचलं? माझी भाची खोटं बोलत नाही. तिनं रविवारचं सांगितलं.

सर भडकले. असल्या गल्लीतल्या खेळानं हाताला घाणेरड्या सवयी लागतात म्हणाले. इतकी वर्षं बसवलेलं सगळं बिघडेल म्हणाले. एकतर इथे, नाहीतर तिथे. विभागाच्या निवडीला नावं क्लबातूनच जातात आणि अठराच्या आतल्या गटात तिचं ते शेवटचं वर्ष. भावानं सरांचीच री ओढली. शिडीनं रविवार सोडला आणि पुन्हा रिंगखाली जाऊन उभी राहिली. बंबवाली दुकानात येऊन विचारायची, “कुठे गेली आमची पोरगी?” मी चादरी मोजून देत राहिले.

निवडीचा सामना एका मोठ्या सभागृहात होता. दोन क्लब एकमेकांविरुद्ध खेळणार, निवडसमिती टेबलावर बसून बघणार. मी दुकान बंद करून गेले. भाऊ-वहिनीही आले होते. शिडी नेहमीप्रमाणे बाकावर, जॅकेट घालून. सामना संपत आला तेव्हा आपल्या बाजूच्या उंच मुलीचा पाचवा फाऊल झाला आणि ती बाद झाली. सरांनी बाकाकडे पाहिलं. शिडीखेरीज दुसरी उंच मुलगीच नव्हती. शिडीनं जॅकेट काढलं.

काय खेळली! रिंगखाली तिच्यापुढे कुणाची मात्रा चालेना. पकडायची आणि द्यायची, चिमणी मारायची. मागे होतो ते बरोबरीला आलो, पुन्हा एका गुणानं मागे पडलो. घड्याळात काही सेकंद उरले होते. चिमणीनं लांबून मारला, बॉल रिंगला लागून उडाला, आणि शिडीनं तो सगळ्यांच्या वर जाऊन पकडला. खाली उतरली तेव्हा तिच्याजवळ कुणीही नव्हतं. कुणीही नाही. रिंग तिच्या डोक्यावर. मी उभी राहून ओरडले, “मार!”

तिनं बाहेर दिला. नेमका, छातीवर, पाऊलही हलवावं लागणार नाही असा. पण चिमणीला दोघींनी घेरलं होतं, आणि बॉल येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. भोंगा वाजला.

सर मैदानात घुसले. “रिंग दिसत नव्हती का? डोक्यावर होती! शॉट मारायची अक्कल नाही?” सगळ्या सभागृहासमोर. शिडी मान खाली घालून उभी, तेच पाडलेले खांदे. मी जिन्यावरून उतरले ती दोन-दोन पायऱ्या सोडत. “अहो, तुम्ही तिला कधी एक तरी शॉट मारू दिलात का? तुम्ही जे घोटवलंत तेच तिनं केलं! अगदी तुमच्या इच्छेप्रमाणे केलं! मग आता कशाला ओरडता?” मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण भावानं दंडाला धरून मागे ओढलं.

तेवढ्यात निवडसमितीतल्या एक बाई आल्या. हसतमुख, सौम्य. “ही तुमची मुलगी? किती निःस्वार्थ खेळते! आम्हाला विभागाच्या संघाच्या शिबिरात अशी मुलगी हवीच आहे.”

सरांचा चेहरा लख्ख उजळला. आत्ता ओरडणारा माणूस, त्यानं शिडीच्या खांद्यावर हात ठेवला. “मी म्हणत नव्हतो?” भावाचे डोळे भरून आले. वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

शिडीनं विचारलं, “बाई, मी सामन्यात खेळणार का?”

“अगं, संघ तर जवळजवळ ठरलाय. तू शूटर मुलींच्या सरावाला ये. बॉल काढून द्यायला. खेळायचं मागाहून बघू.”

शिडीनं एकदा वर रिंगकडे पाहिलं. मग म्हणाली, “नको.”

“वेडी आहेस का?” भाऊ म्हणाला. “निवड झालीय तुझी!”

“बाबा, मला बॉल काढून देता येतो, हे सगळ्यांना माहितीये. मला खेळता येतं का, ते अजून कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही.” ती हे रडत नाही बोलली, ओरडूनही नाही. जर्सी काढून, घडी करून तिनं सरांच्या हातात दिली आणि आतल्या टी-शर्टवरच बाहेर पडली.

भाऊ माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. मी फूस लावली म्हणे. चिमणी संघात गेली. जायच्या आधी दुकानात आली आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून खूप रडली. मी तिला पाणी दिलं. सर अजून तिथेच शिकवतात, भिंतीवरची अक्षरं नव्यानं रंगवलीत असं ऐकलं. त्यांचे कपडे आता दुसरीकडे जातात. मीच नको म्हटलं.

शिडीचं वय त्या गटाच्या बाहेर गेलं. आता ती कॉलेज करते आणि रविवारी अग्निशमन केंद्राच्या अंगणात खेळते. लोक मला समजावतात, “अहो, संघ नसला म्हणून काय झालं, खेळतेय ना पोरगी? आनंद मिळतोय ना?” मिळतो, मला दिसतो. पण तिला पहिल्या पाचात यायचं होतं. तिनं ते मागितलं होतं, त्यासाठी राबली होती, आणि एका माणसाला शिट्टी तोंडाला लावायचा कंटाळा आला म्हणून ते गेलं. ‘झालं ते झालं’ म्हणायला मी काही तिचा बाप नाही.

गेल्या रविवारी मी चादरी द्यायला गेले होते. तिनं रिंगखाली बॉल पकडला. समोर दोन धट्टेकट्टे जवान हात पसरून उभे. तिनं त्यांना एकीकडे झुकवलं, दुसरीकडून वळली आणि डाव्या हातानं अलगद आत टाकला. सगळं अंगण ओरडलं. बंबवालीनं मला मिठी मारली, म्हणाली, “बघितलंत? काय तयार झालीय पोरगी!” मी मान हलवली, पण चादरींचं गाठोडं खाली ठेवून गाडीच्या मागे गेले आणि रागानं रडले. तयार कशाची होतेय? हे सगळं तिच्यात तेव्हाही होतं.